न्हाणीच्या टाइल्स : रुंद फट दिसते, बंद फट नडते



सोयाबीन विकून हातात चार पैसे आले, की घरातल्या बायामाणसांची एक जुनी मागणी पुढे येते. यंदा न्हाणी नीट बांधून घ्या. ही मागणी अगदी रास्त आहे. परसात तुराट्यांचा कूड, पायाखाली एक दगड आणि डोक्यावर उघडे आभाळ, अशा न्हाणीत आपल्या आया-आज्यांचा जन्म गेला. दिवस उगवायच्या आत अंधारात आंघोळ उरकायची, नाही तर दिवसभर तसेच राहायचे. म्हणून आज शेतकऱ्याच्या घरात चार भिंतींची, टाइल्स लावलेली न्हाणी होते तेव्हा तिला चैन म्हणू नये. ती घरातल्या लेकी-सुनांची सोय आहे आणि अब्रूही.

पण "घर पाहावे बांधून" असे जुने लोक म्हणत, ते उगाच नव्हे. पैसा आपला जातो, काम दुसऱ्याच्या हातचे असते, आणि त्यातले बरेवाईट आपल्याला कळते ते काम संपल्यावर. टाइल्सच्या कामात तर हे फारच होते. म्हणून आज एका लहानशा दिसणाऱ्या गोष्टीविषयी बोलू. ती म्हणजे दोन टाइल्समधली फट.

धाडच्या घरातली एक संध्याकाळ

धरून चालू, की तुम्ही धाडचे आहात. गाव बुलढाणा जिल्ह्यातले, विदर्भाच्या कडेचे; पलीकडे जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका लागतो. दिवाळीनंतर तुम्ही न्हाणीचे काम काढले. मिस्तरी गावातलाच, ओळखीचा. तीन दिवसांत भिंती लावून झाल्या. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात सूनबाई पाहते आणि म्हणते, "मामाजी, ही रेघ वाकडी दिसून राहिली." तुम्ही वाकून पाहता. खरेच, एका ठिकाणी बोट शिरेल अशी फट, तर दोन हातांवर टाइलला टाइल भिडलेली. तुम्ही मिस्तरीला विचारता. तो हसून म्हणतो, "भाऊ, दर्जा भरल्यावर सगळं झाकून जाते."

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. थोडी कमीजास्त रेघ दर्जा भरल्यावर खरोखर झाकून जाते. पण झाकले म्हणजे दुरुस्त झाले असे नाही. दर्जा भरण्याआधी जी फट दहा मिनिटांत सुधारते, ती भरल्यानंतर सुधारायला दिवस मोडतो. म्हणून त्या संध्याकाळी मिस्तरीला एवढेच सांगा, की उद्या सकाळी दर्जा भरू नका. आधी आपण दोघे मिळून एकदा सगळ्या सांध्यांवरून हात फिरवू.

खरी नड कोणत्या फटीची?

आपला डोळा जातो रुंद फटीवर. ती कुरूप दिसते, पाहुण्यालाही दिसते. परंतु पुढे नुकसान होते ते बहुतेक वेळा बंद फटीतून, म्हणजे जिथे दोन टाइल्स एकमेकींना चिकटल्या आहेत तिथून. हे उलटे वाटेल. म्हणून कारण समजून घ्या.

पुष्कळांचा समज असतो, की टाइल जितकी भिडवून लावावी तितके पाणी कमी शिरेल. पण भिडलेल्या दोन कडांमध्ये केसाएवढी वाट राहतेच. तिच्यात दर्जाचा माल शिरत नाही, पाणी मात्र बरोबर शिरते. भिंतीला लावायच्या साध्या टाइलला चकाकी फक्त वरून असते. मागचे अंग भाजलेल्या मातीचे आणि पाणी पिणारे असते. मागे गेलेले पाणी टाइल, माल आणि गिलाव्यात मुरते. मग न्हाणीच्या पलीकडच्या खोलीत भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, आणि आपण शोधत बसतो की पाइप कुठे फुटला.

दुसरे कारण आपल्या मातीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. शेतात त्या भेगांत हात जातो, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच मातीवर घराचा पाया असतो, आणि पाया पुरेसा खोल नसला तर भिंती थोड्या हलतात. शिवाय उन्हाने आणि गरम पाण्याने टाइलही कणभर वाढते. सांध्यात जागा असेल, तर ही हालचाल तिथे पचते. जागाच नसेल, तर टाइल टाइलला ढकलते आणि एखादी टाइल मागून सुटते, कधी तडकते.

आपल्याच जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदन मंदिर आहे. तिथे घडीव दगड दगडाला असा बसवला आहे, की मध्ये चुना भरायला जागा नाही. मग टाइलच तशी का लावू नये, असे कोणी म्हणेल. पण तो दगड जाडजूड, स्वतःच्या वजनाने एकावर एक बसलेला. आपली टाइल सात-आठ मिलिमीटर जाडीची, भिंतीला मालाने धरलेली. दोघांचा न्याय एक नाही. टाइलला सांधा हवाच, आणि तो सगळीकडे सारखा हवा.

फटी लहान-मोठ्या का होतात?

दोष नेहमी मिस्तरीचाच असतो असे समजू नका. कारणे अनेक आहेत.

पहिले कारण टाइलचे माप. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच टाइल्स गुजरातेतील मोरबीच्या असतात. "बारा बाय अठरा" असे आपण म्हणतो, पण भट्टीत भाजताना प्रत्येक टाइल सारखी आकसत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एका ओळीत दहा टाइल्स असतील आणि प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरने मोठी असेल, तर शेवटी पाच मिलिमीटर कुठून तरी खावे लागतात. ते खाल्ले जातात सांध्यातून. म्हणून खोक्यावर छापलेला बॅच नंबर, माप आणि छटा सगळ्या खोक्यांवर एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. एक खोके कमी पडले म्हणून महिन्याने दुसऱ्या बॅचचे आणले, की रेघ चुकणारच.

हिशेब आधी करा. समजा न्हाणी पाच फूट बाय चार फूट आहे आणि टाइल सहा फुटांपर्यंत लावायची आहे. चारही भिंतींची लांबी 18 फूट. सहाने गुणले की 108 चौरस फूट. दाराचे अडीच बाय सहा, म्हणजे 15 चौरस फूट वजा केले, की उरले 93. बारा बाय अठरा इंची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे 62 टाइल्स लागतील. तुटफुटीसाठी दहा टक्के जास्त धरून सत्तरच्या आत काम बसते. उरलेल्या चार-पाच टाइल्स परत करू नका. माळ्यावर जपून ठेवा. त्यांची गरज कधी लागते ते पुढे येईलच.

दुसरे कारण पहिली ओळ. न्हाणीच्या जमिनीला उतार असतो. तळची ओळ त्या उतारावर टेकवून लावली, की वरच्या सगळ्या ओळी तिरक्या जातात. जाणता मिस्तरी लेव्हलच्या नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एक रेघ मारतो, त्या रेघेवर लाकडी पट्टी ठोकतो आणि दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करतो. तळची ओळ शेवटी, कापून बसवतो.

तिसरे कारण भिंत. गिलावा ओळंब्यात नसेल, तर कोपऱ्यात वर दोन इंच आणि खाली तीन इंच अशी कापाकापी येते. जुने घर मातीच्या भिंतीचे असेल, तर आधी पक्की वीट किंवा सिमेंटचा भक्कम गिलावा हवा. मातीवर टाइल टिकत नाही.

चौथे कारण घाई. काम चौरस फुटाच्या दराने ठरलेले असते, दिवस मावळायच्या आत भिंत उरकायची असते. सांध्यात प्लॅस्टिकचे स्पेसर न घालता आगकाडी, खिळा, सुतळी जे मिळेल ते खुपसले जाते. माल ओला असताना वरची टाइल आपल्या वजनाने घसरते. सकाळी पाहावे तो खालची फट बंद आणि वरची उघडी. स्पेसर काही महाग वस्तू नव्हे. दोन किंवा तीन मिलिमीटरचे पाकीट टाइल्सबरोबरच आणावे.

एक कार्ड आणि दोन नाणी

आता दर्जा भरण्याआधीची तपासणी. त्याला कुठलेही यंत्र लागत नाही. खिशातले बँकेचे कार्ड घ्या. त्याची जाडी मिलिमीटरच्या तीन चतुर्थांश इतकी असते. आणि रुपयाची दोन नाणी घ्या. हल्लीचे नाणे साधारण दीड मिलिमीटर जाड असते.

सांध्यात आधी कार्डाची कड घालून पाहा. कार्ड शिरत नसेल तर ती बंद फट. तिथे पेन्सिलीने फुली मारा. एक नाणे शिरत असेल तर सांधा चालण्यासारखा. दोन्ही नाणी एकत्र धरून शिरली, तर सांधा तीन मिलिमीटरचा झाला, तोही ठीक. दोन नाणी घालूनही ढिली हलत असतील, तर ती रुंद फट. तिथे गोल काढा.

मग एक नाणे हातात धरून प्रत्येक टाइलवर टकटक करा. भरीव जागेचा आवाज घट्ट येतो, पोकळ जागेचा मडक्यासारखा. टाइलच्या मागे चार कोपऱ्यांवर मालाचे गोळे लावून दाबले असेल, तर मधली जागा पोकळ राहते. एखादा कोपरा पोकळ वाजला तर सोडून द्या. निम्मी टाइल पोकळ वाजली, तर ती काढून पुन्हा लावण्याजोगी समजा, मग तिच्या फटी सरळ असोत की वाकड्या.

घरातली पोरेसोरे हे काम हौसेने करतात. अर्ध्या तासात सगळी न्हाणी तपासून होते.

दुरुस्ती कशी करावी?

माल ओला असेल, तर प्रश्नच नाही. साध्या सिमेंटला घट्ट व्हायला सुरुवात होण्याआधी निदान अर्धा तास मिळाला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. चिकटवायच्या तयार मसाल्याने टाइल लावली असेल, तर ती सरकवायला पंधरा-वीस मिनिटेच धरा. तेवढ्या वेळात टाइल अलगद सरकवून स्पेसर घालावा. माल आवळू लागल्यावर मात्र ढकलाढकल करू नये. टाइल जागेवर दिसते, पण तिची पकड मागून सुटलेली असते.

माल वाळला असेल, तर तीन प्रकार करा.

पहिला प्रकार, बंद फट. ती मोकळी करायची. सांध्यात नुसता वाळलेला माल अडकला असेल, तर लोखंड कापायच्या आरीचे पाते हाताने चालवून तो खरडून काढता येतो. टाइलच टाइलला भिडली असेल, तर कटर मशीनला हिऱ्याच्या कणांचे पातळ चाक लावून रेघेवरून एकदा फिरवावे लागते. त्याने सांधा साधारण सव्वा मिलिमीटर मोकळा होतो. हे काम मिस्तरीनेच करावे. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, की चकाकीचे टवके कमी उडतात. कडेचा उडालेला कण दर्जात झाकून जातो.

दुसरा प्रकार, एक फट रुंद आणि तिच्या शेजारची बंद. हा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. इथे मधली एकच टाइल सरकलेली असते. एका बाजूला पाच मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला एक, तर ती टाइल काढून मधोमध लावली की दोन्हीकडे तीन-तीन होतात. टाइल काढताना आधी चारही बाजूंचे सांधे मोकळे करा, मग मधोमध छिन्नीने फोडून आतून बाहेर काढत या. कडेपासून सुरुवात केली तर शेजारची टाइल फुटते. मागचा जुना माल खरडून जागा पुरेशी खोल करा, नाही तर नवी टाइल पुढे येते. माळ्यावर ठेवलेली टाइल इथे कामी येते. सिमेंटच्या मालावर लावायची असेल तर ती आधी पाण्यात भिजवा. तयार मसाल्याने लावायची असेल तर भिजवू नका.

तिसरा प्रकार, फट रुंद पण शेजारच्या सगळ्या ठीक. ही बहुधा तशीच राहू द्यावी. नुसत्या दिसण्यासाठी घट्ट बसलेली टाइल फोडणे शहाणपणाचे नाही. तिला भरण्याचा माल योग्य निवडला, की झाले.

फोडाफोडीआधी त्या भिंतीतून पाइप आणि विजेची वायर कुठून गेली आहे ते विचारा, मेन स्विच बंद करा. मशीनला वीज बाहेरच्या जोडणीवरून घ्या. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला चांगला मास्क हवा. टाइलची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुप्फुसे निकामी करते. मिस्तरीने नको म्हटले, तरी तुम्ही आग्रह धरा. त्याच्याही घरी लेकरेबाळे आहेत.

दर्जा भरताना

तयार मसाल्यावर लावलेल्या टाइल्सना निदान 24 तास, साध्या सिमेंटवर लावलेल्यांना तीन-चार दिवस द्यावेत. सांधे झाडून स्वच्छ करावेत.

नुसते पांढरे सिमेंट स्वस्त पडते, पण रुंद सांध्यात ते आकसते आणि त्याला तडे जातात. बाजारात सांधे भरण्याचा तयार मसाला मिळतो, त्याला ग्राउट म्हणतात. तो किती ते किती मिलिमीटरच्या सांध्यासाठी आहे, हे पाकिटावर लिहिलेले असते. ते वाचूनच घ्यावा. तीन मिलिमीटरवरच्या सांध्याला बारीक वाळू असलेला मसाला लागतो.

रंगाचीही युक्ती आहे. पांढऱ्या टाइलमध्ये काळा दर्जा भरला, की रेघेतला प्रत्येक वाकडेपणा उठून दिसतो. टाइलच्या रंगाशी मिळताजुळता दर्जा भरला, की थोडा फरक डोळ्याला जाणवतही नाही. मिस्तरी म्हणतो ते "झाकून जाते", ते इथे खरे होते.

पाण्यात थोडी थोडी पूड टाकून घट्ट मिश्रण करा, पाच-दहा मिनिटे ठेवून पुन्हा ढवळा. रबरी थापीने तिरके दाबत सांधा तळापर्यंत भरा, वरून नुसता पुसू नका. मग ओल्या, पिळलेल्या स्पंजने टाइल पुसून घ्या. पुढे दोन-तीन दिवस हलके पाणी शिंपडून ओल राखा. तोवर आंघोळीची घाई करू नका.

दोन भिंतींचा कोपरा आणि भिंत जमिनीला मिळते तो सांधा, हे मात्र सिमेंटने भरू नका. हालचाल तिथेच होते, तिथेच तडा जातो. तो सांधा पूर्ण वाळू द्या आणि सिलिकॉनच्या नळीने भरून घ्या, ते रबरासारखे ताणते.

आधीच भरून गेले असेल तर?

तर घाबरू नका, आणि सगळी भिंतही उकरू नका. दर्जा कुठे तडकला, कुठे कणी सुटते, कुठे ओल येते, एवढे पाहा. तेवढेच सांधे पात्याने दोन तृतीयांश खोलीपर्यंत खरडा, धूळ काढा आणि पुन्हा भरा. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरी-बोअरचे पाणी जड असते, त्याचे पांढरे डाग टाइलवर धरतात. ते काढायला ॲसिड ओतू नये. ॲसिड डाग काढते, पण त्याच्याबरोबर सांध्यातले सिमेंटही खाते. आंघोळ झाल्यावर भिंतीवरून एकदा वायपर फिरवावा, हा सोपा उपाय.

मिस्तरीशी बोलताना

शेवटची गोष्ट, आणि ती पैशापेक्षा मोठी आहे. मिस्तरी गावातला माणूस. उद्या त्याच्या घरच्या लग्नात आपण आणि आपल्या घरच्या कार्यात तो असणार. म्हणून भांडण होण्याजोगी वेळच येऊ देऊ नका. काम सुरू होण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या. स्पेसर घालायचे, पहिली ओळ पट्टीवर लावायची, दर्जा भरण्याआधी दोघांनी मिळून पाहायचे, आणि मजुरीतला थोडा भाग दर्जा भरून झाल्यावर द्यायचा. आधी ठरलेले असले, की शेवटी पैसे राखले याचा राग येत नाही.

आणि चूक निघाली, तर चारचौघांत बोलू नका. न्हाणीत उभे राहून, फुली दाखवून म्हणा, "मिस्तरी, इथं कार्ड जात नाही. पाणी जाईन." वाकडी रेघ म्हटली की त्याला आपल्या हाताची बदनामी वाटते, पाणी म्हटले की तोही विचार करू लागतो. पाण्याशी वाद घालता येत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. ज्यादा फोडाफोडी टाइलच्या मापामुळे करावी लागली असेल, तर त्या दिवसाची रोजी त्याला खुशीने द्या.

न्हाणी एकदाच होते. पुढच्या हंगामात पैसा बियाण्याला लागेल, खताला लागेल, मुलांच्या शिक्षणाला लागेल. भिंतीतल्या ओलीसाठी तो निघणार नाही. म्हणून दर्जा भरायच्या आदल्या संध्याकाळी दिवा लावा, सूनबाईला बोलवा, आणि तिच्याच हातात ते कार्ड द्या. जिला त्या न्हाणीत रोज वावरायचे आहे, तिची नजर सगळ्यांत बारीक असते.